शून्य देवाचे गुरुजी

खोब्रागडे गुरुजी माझ्यावर एकदाही चिडले नाहीत, आणि खरं सांगते, मला त्याचाच जास्त राग यायचा. मी मुळात तापट. आमच्या घरी म्हणतात, हिच्या नाकावर माशी बसायला घाबरते. वर्गात काही बिनसलं की मी हातातला खडू आपटून ऑफिसात यायचे. ऑफिस म्हणजे एक लोखंडी कपाट, एक टेबल आणि पोषण आहाराच्या तांदळाची चार पोती. गुरुजी आवळासुपारीची डबी उघडून माझ्यापुढं धरायचे. मी सगळं ओकून मोकळी व्हायचे. या पोरांना काही समजत नाही, दहादा सांगितलं तरी नुसती बघत बसतात, यांच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं! ते सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, “बराबर हाये, मॅडम. आता हेच मले गोंडीत सांगा.”

मला कुठं येत होतं गोंडीत! मी तोंड उघडून तशीच बसायचे. “पाहा,” ते म्हणायचे, “तुमी पण नुसत्या बघतच बसल्या.” आणि डबी बंद करायचे.

मी ब्रह्मपुरीची. घरापासून कॉलेज पाच मिनिटांवर, एस.टी. स्टँड दहा मिनिटांवर. डी.एड. झालं, नोकरी लागली म्हणून पेढे वाटले, आणि नेमणुकीचं गाव वाचलं तेव्हा आईनं उरलेले पेढे परत डब्यात भरले. हेमलकशाच्या रस्त्यावर जीपमधून उतरायचं आणि तिथून सात किलोमीटर आत, सगळी गोंडांची वस्ती. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं आता फोनवर सगळं वाचतात आणि मला विचारतील, मॅडम, हे काऊन लिवलं? जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन वर्गखोल्या, दोन मास्तर. एक मी आणि एक मुख्याध्यापक खोब्रागडे गुरुजी, जे तिथं सोळा वर्षं होते आणि बदलीचा अर्ज भरायला दरवर्षी विसरायचे.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. पहिलीतल्या पोरानं पाटीवर ‘अ’ उलटा काढला. मी म्हटलं, “नाई.” पोरं चमकली आणि दाराकडं बघायला लागली. मी शेजारच्या पोरीची पाटी बघितली. “नाई नाई, असं नाई!” आता दोघं उठून टेबलाखाली वाकून बघायला लागले आणि बाकी सगळी खिदळायला लागली. मला वाटलं, नवीन मॅडमची टिंगल करतायत. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. गुरुजी शेजारच्या खोलीतून आले, दोन मिनिटं बघितलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, “मॅडम, तुमी कुत्र्याले काऊन बोलावून राह्यल्या?” गोंडीत कुत्र्याला नै म्हणतात. ब्रह्मपुरीचा ‘नाई’ आणि त्यांचा ‘नै’, पोरांच्या कानाला एकच. एवढ्या वेळात मी वर्गात चार कुत्री बोलावली होती. “मंग ‘नाही’ला काय म्हणतात?” मी रडवेली होऊन विचारलं. “इल्ले,” ते म्हणाले. “पण ते लवकर नका शिकू. आदी ‘हौ’ म्हनाले शिका.”

गुरुजी दिसायला अगदी साधे. बुटके, रंगानं काळेसावळे, डोक्यावर पांढरी झालेली दाट झुलपं, खांद्यावर दुपट्टा आणि पायांत बारा महिने तीच प्लॅस्टिकची चप्पल. आवाज मात्र असा, की हापशावरून हाक मारली तर गावाच्या त्या टोकाची शेळी मान वर करायची. तो आवाज नाटकातला. त्यांचं गाव आमच्या ब्रह्मपुरीजवळचंच, आणि तरुणपणी त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाची कामं केली होती. “मले पाहून बायका शिव्या देत, मॅडम. भर मंडपात! काय मजा होती जी.” नोकरी लागल्यावर नाटक सुटलं म्हणायचे. मी म्हणते, कशाचं सुटलं? रोज सकाळी दहाला पडदा उघडायचा.

सुरुवात उंबऱ्यापासून. गुरुजी दारात उभे राहायचे, एका पायावर तोल सांभाळत चप्पल काढायचे आणि भिंतीशी जोडीनं ठेवायचे. मग राजानं हुकूम सोडावा तसं म्हणायचे, “चप्पल काढा!” आता आमच्या शाळेत निम्म्या पोरांच्या पायात चप्पलच नाही. तरी प्रत्येक पोर उंबऱ्याशी थांबायचं, नसलेली चप्पल काढायचं, भिंतीशी जोडीनं ठेवायचं आणि आत यायचं. मी एकदा म्हटलं, गुरुजी, हा काय पोरकटपणा? तर म्हणाले, “हे त्यायचं पहिलं मराठी वाक्य हाये. पायानं शिकलेलं पोट्टं इसरत नाई.”

क्रियापदं सगळी अशीच अंगावर काढलेली. मी उठतो, मी बसतो, मी पळतो. आणि शेवटी ‘मी पडलो!’ असं म्हणून पंचावन्न वर्षांचा हा माणूस धाडकन जमिनीवर पडायचा. मग पोरं बोट दाखवून ओरडायची, “तुमी पडले! ते पडले! गुरुजी पडले!” एका पावसाळ्यात पुस्तकांचं गाठोडं डोक्यावर घेऊन गुरुजी नाला ओलांडत होते. मी आणि पोरं या काठावर. मधल्या दगडावर पाय निसटला आणि ते गाठोड्यासकट कमरेइतक्या पाण्यात बसले. मी किंचाळले. पोरं मात्र एका सुरात सुरू झाली, “तुमी पडले! ते पडले! गुरुजी पडले!” पाण्यात बसल्या बसल्या गाठोडं वर धरून गुरुजींनी एक एक पोर निरखलं आणि म्हणाले, “शाब्बास. पन ‘आमी उचलतो’ कोन म्हनन?” तेव्हा कुठं मोठी पोरं पाण्यात उतरली.

त्यांचं ‘शून्य देवाचे’ हे नाव मात्र मी जायच्या कितीतरी आधीचं. ती हकिगत ते स्वतःच रंगवून सांगायचे.

या गावात आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी इंग्रजीचं पुस्तक उघडलं. खिशातून पेन काढून उंच धरला आणि म्हणाले, “धिस इज अ पेन.” वर्ग चिडीचूप. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. एका पोरीनं हात जोडले. मग सगळ्यांनी जोडले. गुरुजी खूश, काय शिस्त आहे! त्यांनी पेन टेबलावर टाकला, तर पोरं दचकली. टेबलावरून तो घरंगळत खाली पडला, तर दोघंतिघं उठून पळालीच. दुपारी पेरमा, म्हणजे गावची पूजा बघणारा म्हातारा, दोन माणसं घेऊन शाळेत हजर झाला. गोंडीत पेन म्हणजे देव. म्हातारा फार अदबीनं बोलला. “गुरुजी, तुमच्या खिशात पेन हाये म्हंते पोट्टे. कोन्या गावचा पेन? अन् तुमी किती देवाचे? चार का सात?”

तिकडं हा प्रश्न आधी विचारतात. कुणी चार देवांचं, कुणी पाच, सहा, सात. त्यावरून सोयरीक ठरते, सारख्या देवांच्या घरांत लग्न होत नाही. खोब्रागडे गुरुजींच्या घरी बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात देव नाही. ते खूप वेळ विचार करत बसले आणि शेवटी खरं तेच म्हणाले, “आमी शून्य देवाचे, बावा.” पेरम्यानंही विचार केला. चार, पाच, सहा, सात; त्यात शून्य कुठं बसतो ते बोटांवर मोजलं. मग त्याचा चेहरा उजळला. “मंग तं तुमचं बरं हाये,” तो म्हणाला. “तुमाले कोन्याबी घरची पोरगी चालते!” तेव्हापासून गावात ते शून्य देवाचे गुरुजी. चिडवायला नाही हं, खरोखरच एक नवी शाखा सापडल्यासारखं लोक म्हणायचे.

त्या दिवसापासून पहिली-दुसरीत गुरुजींनी ‘पेन’ हा शब्द बंद केला. लेखणी म्हणायचे. मला आधी हसू यायचं, या जमान्यात लेखणी! तिसरीत आलं की मग फळ्यावर एकीकडं देवाचं झाड काढायचे, एकीकडं लिहायचा पेन. “हा बी पेन, तो बी पेन. एक रानात राह्यते, एक खिशात. दोघाईले पाय लावाचा नाई.” इंग्रजीचा एवढा स्वच्छ धडा मी दुसरीकडं बघितला नाही.

त्यांच्याजवळ एक लांबलचक वही होती. तीन रकाने. पहिला गोंडीचा, दुसरा मराठीचा, तिसरा इंग्रजीचा, सगळं देवनागरीत. येर, पाणी, वॉटर. कुठलाही नवा धडा या क्रमानंच. आधी पोराचा शब्द, मग आपला, मग इंग्रजाचा. प्रशिक्षणाला गेलं की साहेब लोक सांगायचे, मुलांशी जास्तीत जास्त मराठी बोला, जास्तीत जास्त इंग्रजी कानावर पडू द्या. गुरुजी तिथं काही बोलायचे नाहीत. परत येताना जीपमध्ये मला म्हणायचे, “पोट्ट्याच्या घरातून निंगाल तवाच शाळेत पोचाल नं जी? डायरेक इंग्लंडातून कसे निंगता?”

आणि तो पहिला रकाना त्यांनी भरला कुठून? उलट्या शाळेतून. जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास पोरं मास्तर आणि गुरुजी विद्यार्थी. ते पाटी घेऊन चटईवर, पहिलीच्या रांगेत मांडी घालून बसायचे. पोरं एक एक वस्तू दाखवायची, गुरुजींनी गोंडीत सांगायचं. चुकलं की दोन्ही कान धरायचे. मला वाटतं, पोरं रोज शाळेत यायची ती या अर्ध्या तासासाठी. मुख्याध्यापक कान धरून बसलाय आणि सहा वर्षांचं शेंबडं पोर त्याला “पुन्हा म्हणा” म्हणतंय! मी त्यात कधी बसले नाही. माझा जीव लाजायचा. मी त्या वेळात ऑनलाइन माहिती भरण्यासाठी मोबाइल घेऊन टेकडीवर रेंज शोधत फिरायचे.

आता वंजेचं सांगते. हे सांगायला मला आवडत नाही, पण त्याच्याशिवाय गुरुजी पुरे होत नाहीत.

वंजे पहिलीत आली. लालसूची मुलगी. लालसू शेळ्या राखायचा, बोलायला अगदीच कमी. पोरगी त्याच्याही वरची. जून गेला, दिवाळी गेली, मोहाची फुलं पडायला आली, आणि या मुलीनं वर्गात एक अक्षर उच्चारलं नव्हतं. मराठीत नाही, गोंडीतही नाही. नाव विचारलं तरी मोठ्या मोठ्या डोळ्यांनी बघायची. मी गोड बोलून बघितलं, ओरडून बघितलं, गोळी देऊन बघितली. गोळी घेतली. बोलली नाही. त्याच सुमारास तालुक्याहून कागद आला, विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी पाठवा. मी माझ्या वर्गाची यादी भरली आणि वंजेचं नाव लिहिलं. शेरा लिहिला, ‘आकलन नाही, प्रतिसाद नाही, बोलत नाही.’ लिहिताना मला वाईट वाटलं नाही. काम झाल्यासारखं वाटलं.

गुरुजींनी सही करायला कागद घेतला आणि थांबले. डबी उघडली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

“पेनानं लिवलं का पेन्शिलीनं?” त्यांनी विचारलं.

“पेनानं.”

“मंग तं देवानंच लिवलं,” ते म्हणाले आणि हसले नाहीत.

मी तडकले. म्हटलं, गुरुजी, आठ महिने झाले! मुलीला काही अडचण असेल तर तिला मदत मिळायला नको का? “असन तं मिळालेच पायजे,” ते म्हणाले. “पन मॅडम, हे पोरगी उलट्या शाळेत काय करते तुमी पाह्यलं कधी?” मी कुठून बघणार, मी टेकडीवर. “मी चुकलो की सगळ्यायच्या आदी इचं बोट वर जाते. तोंड उघडत नाई, पन चूक पकडते. हे रिकामी नाई, भरून राह्यली. माठ भरतानी आवाज करत नाई. भरला की सांडन.”

मी म्हटलं, तुमचा माठ भरेपर्यंत कागदाची तारीख निघून जाईल. हे मी खरंच म्हटलं. त्यांनी सही केली. म्हणाले, तपासायला माणूस येईल तेव्हा बघू, शेरा तुमचा आहे, मी परस्पर खोडणार नाही.

तपासणी आठ दिवसांनी होती. तेवढ्यात ही गोष्ट गावात फुटली, आणि फुटताना तिचं रूप बदललं. तिसऱ्या दिवशी लालसू शाळेच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. मग जमिनीकडं बघत म्हणाला, “गुरुजी, पोरगी येडी हाये म्हून सरकारनं लिवलं म्हंते. मंग शाळेत कायले धाडू? शेळ्या राखन.” गुरुजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं, समजावलं. तो ऐकत होता, पण त्याचं ठरलं होतं. शेवटी एवढंच कबूल झालं, की साहेब येईपर्यंत पोरगी शाळेत येईल. साहेबानंही तेच सांगितलं तर मग शेळ्या.

मी खिडकीतून ऐकत होते. तोंडात मारल्यासारखं झालं. माझा एक शेरा, सहा शब्दांचा, आणि त्यावर त्या पोरीचं आख्खं शिक्षण लटकलेलं. त्या दिवशी दुपारी मी टेकडीवर गेले नाही. चटईवर गुरुजींच्या शेजारी बसले. तीन शब्द सांगितले, तिन्ही चुकले, आणि तिन्ही वेळा सगळ्यांच्या आधी वर गेलेलं बोट वंजेचं होतं. मी कान धरले. ती किंचित हसली. आठ महिन्यांत मी तिचे दात पहिल्यांदा बघितले.

साहेब आले ते भले गृहस्थ होते, उगाच कशाला खोटं सांगू. पुण्याकडचे, सौम्य बोलणारे. पायात चकचकीत नाडीचे बूट. एक नियम त्यांनी आधीच सांगितला, तपासणी चालू असताना शिक्षकांनी मधे बोलायचं नाही. गुरुजी कोपऱ्यात दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. लालसू दाराबाहेर उकिडवा बसलेला. साहेबांनी टेबलावर वस्तू मांडल्या आणि वंजेला उभं केलं.

“बाळ, चेंडू कोणता? कंगवा दाखव बरं. चमचा कुठं आहे?”

वंजे टेबलाकडं बघत राहिली. कंगवा तिनं जन्मात ऐकला नव्हता, तिकडं फणी म्हणतात. साहेबांचा शब्द कानात शिरेपर्यंत पुढचा शब्द यायचा. त्यांनी कागदावर एक फुली मारली, दुसरी, तिसरी. मनात म्हटलं, कुणी तरी हिच्यासाठी बोला! पण बोलायचं नव्हतं ना.

“बरं, पेन? पेन कुठं आहे?”

वंजेनं मान वर केली. पहिल्यांदा तिनं साहेबांच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग वळली आणि सरळ दारातून बाहेर चालायला लागली.

साहेबांनी सुस्कारा सोडून चौथी फुली मारायला पेन टेकवला, आणि तेव्हा गुरुजींनी नियम मोडला. “साहेब, फुली नका मारू. तिच्या मांगं चला.” आवाज असा लागला की साहेब उठलेच. पुढं वंजे, मागं साहेब, गुरुजी, मी, लालसू आणि शाळेतली सगळी पोरं. हापशाच्या पलीकडं, मोहाच्या झाडांमधून पायवाट जाते. तिच्या शेवटी साजाच्या मोठ्या झाडांखाली गावाचा पेनठाणा आहे, देवाची जागा. बायकापोरींनी दगडांच्या ओळीच्या पुढं जायचं नाही असा रिवाज. वंजे त्या ओळीशी थांबली. अनवाणीच होती ती. पण तिनं एक पाय वर उचलला, तोल सांभाळला आणि नसलेली चप्पल काढली. मग दुसरी. दोन्ही जोडीनं बाजूला ठेवली. आणि हात लांब करून झाडाकडं दाखवत म्हणाली, “पेन.”

साहेब गोंधळून पुढं निघाले. त्यांचा बूट दगडांच्या ओळीवर पडणार, एवढ्यात वंजे त्यांच्या आडवी आली. दोन्ही हात पसरून. आणि गुरुजींच्याच थाटात, राजानं हुकूम सोडावा तशी, ठणठणीत बोलली, “सर, चप्पल काढा!”

साहेब जागच्या जागी थिजले. मी मोठ्यानं हसले की रडले ते मला अजून सांगता येत नाही. पोरं टाळ्या पिटत होती. साहेब खरंच खाली बसले आणि नाड्या सोडायला लागले. गुरुजींनी त्यांना तिथंच शेजारी बसून पेन म्हणजे काय ते सांगितलं. साहेबांनी एक बूट हातात धरून सगळं ऐकलं.

“म्हणजे हिनं बरोबर उत्तर दिलं,” ते म्हणाले. “हिला मराठी येतं?”

“येते नं साहेब,” गुरुजी म्हणाले. “आत्ता आली.”

साहेबांनी यादी मागवली आणि शेऱ्यासमोर तसं लिहिलं. नाव खोडायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी कागद माझ्याकडं सरकवला. “पेनानं लिवलं तं पेनानंच खोडा, मॅडम.” मी खोडलं. इतकं दाबून खोडलं की कागद फाटला. लालसूला गुरुजींनी बाहेर जाऊन एकच शब्द सांगितला, पास. तो उठून तसाच शेळ्यांकडं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओट्यावर एक भलंमोठं कोहळं ठेवलेलं सापडलं. पोरगी कुणावर गेली होती ते कळलं.

यानंतर वंजे जी सुटली ती सुटलीच. तिसरीत गेल्यावर मला रोज डोक्याला हात लावायची पाळी यायची. गुरुजींना म्हटलं, हिला गप्प करायचं काही औषध आहे का? त्यांनी डबी पुढं केली. “हेच गोंडीत सांगा,” ते म्हणाले. तोवर मला मोडकंतोडकं येत होतं. सांगितलं. वंजेनं त्यातल्या दोन चुका काढल्या.

ती चौथीत असताना गुरुजी निवृत्त झाले. निरोपाला केंद्रातले सगळे शिक्षक आले. शाल, नारळ आणि आम्ही वर्गणी काढून आणलेले काळे नाडीचे बूट. प्लॅस्टिकची चप्पल त्यांनी पिशवीत कोंबली आणि बूट घालून दोन पावलं चालून दाखवलं, नाटकातल्या फौजदारासारखं. उंबऱ्याशी मात्र थांबले, बूट काढले, भिंतीशी जोडीनं ठेवले आणि आत जाऊन बसले. भाषणं झाली. पेरमा आता फार म्हातारा झालेला, तो म्हणाला, गुरुजी, शून्य देवाचे आता गावात कुणी उरणार नाही. त्यावर गुरुजींनी दुपट्टा डोळ्यांना लावला आणि म्हणाले, धूळ लय हाये जी इथी. सिमेंटची खोली, सकाळीच पुसलेली. मला फार वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. असा माणूस आपल्या वाट्याला आला, अजून काय पाहिजे?

मग एकदम घाई झाली. निरोपासाठी मुद्दाम आत आलेला जीपवाला हॉर्न मारायला लागला, त्याला पुढची एस.टी. गाठायची होती. हार घातलेल्या गुरुजींना पोरांनी ओढत ओढत नेलं, मागच्या फळीवर चढवलं, पिशवी आत टाकली आणि जीप निघाली. मी वळले तर भिंतीशी बूट. जोडीनं ठेवलेले, कोरे करकरीत.

“गुरुजी, बूट राह्यले!” मी धावत सुटले. इंजिनाच्या घरघरीत माझा आवाज कुठला पोचतोय. गुरुजी तिकडून हसत हात हलवत होते, त्यांना वाटलं मी निरोप देतेय.

माझ्या शेजारून वंजे सुटली. बांधावर चढली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडली. आधी गोंडीत. मग मराठीत, “गुरुजी, बूट!” आणि जीप तरीही थांबेना तेव्हा सगळा जीव एकवटून, “शूज! गुरुजी, शूज!” वहीचे तिन्ही रकाने, त्याच क्रमानं. त्या टोकाच्या शेळ्यांनी माना वर केल्या.

गुरुजींनी खाली आपल्या पायांकडं बघितलं. अनवाणी. मग त्यांनी वंजेकडं बघितलं आणि दोन्ही कान धरले. जीप मोहाच्या झाडांआड वळेपर्यंत धरूनच होते.